बालवाचनालयासाठी नवी पुस्तके : निवड, शिफारस आणि गृहवाचन

शाळेत पुस्तके येतात, नोंदवहीत त्यांची नोंद होते, त्यांवर शिक्का उमटतो आणि पुष्कळदा ती कपाटात बंद होतात. वर्षअखेरीस मोजणी करताना सर्व प्रती जागेवर आढळतात व हिशेब चोख जुळतो. परंतु ज्या पुस्तकाचे पान कोणी उलटलेच नाही, त्याचा हिशेब शिक्षणाच्या दृष्टीने जुळला असे म्हणता येत नाही. मूळचे गणिताचे अध्यापक व पुढे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक ठरलेले डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्यांतील पहिल्या तीन सूत्रांचा आशय आहे. ग्रंथ व वाचक यांची ही गाठ घालून देण्याचे काम खेड्यातील शाळेत शिक्षकालाच करावे लागते. कारण तेथे दुसरा ग्रंथपाल नसतो.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असणे आवश्यक आहे. म्हणजे गोष्टीचे पुस्तक ही शाळेतील चैनीची वस्तू नसून कायद्याने मान्य केलेली गरज आहे.

शिफारशीपूर्वी वाचन

जे पुस्तक शिक्षकाने स्वतः वाचलेले नाही, त्याची शिफारस त्याने करू नये. मुखपृष्ठ आकर्षक आहे किंवा शेवटी तात्पर्य दिलेले आहे, एवढ्यावरून पुस्तक चांगले ठरत नाही. वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पुस्तकातील भाषा मोठ्याने वाचली असता जिभेवर सहज चालते काय? चित्रे मजकुराहून काही अधिक सांगतात काय? आणि पुस्तकातील मूल खरोखरीचे मूल वाटते काय, की ते केवळ उपदेशासाठी उभे केलेले बाहुले आहे? या कसोट्यांना उतरणारी पुस्तके मराठीत पूर्वीही होती व आजही निघत आहेत.

पहिली व दुसरी

या वयाचे मूल अक्षरांपूर्वी चित्र वाचते. श्रीमती माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही छोटी पुस्तके घरातील एकेका माणसाविषयी आहेत. ती ऐकून झाल्यावर मूल आपल्या घरातील माणसांविषयी आपोआप बोलू लागते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील सचित्र पुस्तकेही अल्प किमतीत मिळतात. कवितेसाठी विंदा करंदीकरांचे ‘राणीची बाग’ व ‘एकदा काय झाले’ हे १९६१ चे संग्रह जुने असूनही मुलांना दरवर्षी नवेच असतात. कविता पाठ करून घेण्याची घाई करू नये. चार वेळा ऐकलेली कविता मुले आपणहून म्हणतात.

तिसरी ते पाचवी

येथे मुलाला सलग गोष्ट पेलू लागते. दिलीप प्रभावळकर यांचा ‘बोक्या सातबंडे’ खट्याळ मुलांना आपला वाटतो. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ या पुस्तकास २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ते वाचून मुलींना व मुलांना स्वतःची वही लिहावीशी वाटली, तर निबंधलेखनाची वेगळी तयारी करून घ्यावी लागणार नाही. एकनाथ आव्हाड यांचा ‘छंद देई आनंद’ व सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’ हे अनुक्रमे २०२३ व २०२५ साली पुरस्कार लाभलेले कवितासंग्रह याच वयासाठी उपयोगी आहेत. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक मंडळाने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत.

सहावी व त्यापुढे

या वयात वाचन तुटण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. मुलगा शेतीच्या कामास व मुलगी घरकामास लागते, आणि बालकथा दोघांनाही पोरकट वाटू लागतात. त्यांच्या जगण्याला भिडणारे पुस्तक याच वेळी हाती पडावयास हवे. ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ हे २०१७ साली पुरस्कार मिळालेले पुस्तक धरणापायी गाव सुटण्याची वेदना मुलाच्या नजरेतून सांगते. जिगाव प्रकल्पामुळे पूर्णाकाठच्या ज्या गावांपुढे पुनर्वसनाचा प्रश्न आला, तेथील मुलांना हे पुस्तक समजावून सांगावे लागणार नाही. सलीम सरदार मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’, भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे ही साहसप्रिय मुलांसाठी योजावीत. लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने झाले, हे जिल्ह्यातील प्रत्येक मूल ऐकते. त्यापुढचे प्रश्न ज्याला पडतात, त्याच्या हाती जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ द्यावे व ते वाचताना त्याच्या सोबत बसावे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ ची कादंबरी मोठ्या मुलांनी तर वाचावीच. धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण शिक्षकाची ती कहाणी असल्याने शिक्षकांनीही अवश्य वाचावी.

घरची भाषा निराळी असेल तेव्हा

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, काही मुलांची घरची भाषा मराठी नसते. कोरकू तेथे बोलली जाते. जळगाव जामोद तालुक्यातील काही गावांत निहाली ही भाषा आहे, जिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चित झालेले नाही. अशा मुलासमोर मराठी पुस्तक ठेवून ते वाचत नाही म्हणून त्याला मंद ठरविणे अन्यायाचे आहे. आधी शब्दांवाचूनची चित्रपुस्तके द्यावीत व चित्रांविषयी त्याला स्वतःच्या भाषेत बोलू द्यावे. पुढे आजीने सांगितलेली गोष्ट त्याच्याकडून ऐकून एका बाजूस घरच्या भाषेत व दुसऱ्या बाजूस मराठीत देवनागरीत लिहावी, चित्रे मुलांनी काढावीत आणि ती वही शिवून वाचनालयात दाखल करावी. त्या शाळेतील ते सर्वांत मोलाचे पुस्तक ठरेल. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात व त्या छापून घेण्यास मुभा आहे.

गृहवाचन

खेड्यातील घराला वाचन परके आहे, हा समज बरोबर नाही. श्रावणात ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावणारी व शेगावच्या परिसरात ‘श्रीगजानन विजय’ या ग्रंथाचे पारायण करणारी घरे गावोगावी आहेत. एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, ही रीत येथे रुजलेलीच आहे. तिचाच उपयोग करून घ्यावा. चौथीच्या मुलीने रात्री जेवणानंतर दहा मिनिटे आजीला पुस्तक वाचून दाखवावे. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिलाही या वाचनात बरोबरीचा वाटा मिळतो. मूल कोठे अडखळले ते तिला ऐकून कळते आणि गोष्टीचा अर्थ ती त्याला सांगू शकते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे. रोज एक रात्र वाचण्यास हे पुस्तक फार सोयीचे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पुस्तक परत येण्यास उशीर झाला, तर तगादा लावू नये.

पुस्तक फाटण्याची भीती

पुस्तके कपाटात राहण्याचे खरे कारण बहुधा आळस हे नसते. हरवलेल्या प्रतीचा जाब आपणास द्यावा लागेल, ही शिक्षकाची भीती असते व ती खोटी नाही. म्हणून हा भार एकट्या शिक्षकावर ठेवू नये. पुस्तके घरी देण्याचा, तसेच वापराने जीर्ण झालेल्या व हरवलेल्या प्रतींची वेगळी यादी दरवर्षी समितीपुढे ठेवण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत करून घ्यावा. देवघेवीच्या वहीत तारीख, मुलाचे नाव, पुस्तक व परतीची खूण एवढे पुरे. ही वही पाचवीच्या मुलांनी सांभाळावी. कागदाची वेष्टणे घालणे व सुटलेली पाने खळीने चिकटविणे हा कार्यानुभवाचा तास होऊ शकतो. केंद्रातील शाळांनी वीस-वीस पुस्तकांची गाठोडी बांधून शिक्षण परिषदेच्या दिवशी आपसांत बदलली, तर लहान शाळेलाही वर्षभर नवी पुस्तके मिळत राहतील.

वाचलेल्या पुस्तकावर परीक्षा घेऊ नये व तात्पर्य विचारू नये. शिक्षकाने दोन पाने रंगवून वाचावीत आणि गोष्ट ऐन भरात आली असता थांबून पुस्तक टेबलावर ठेवावे. मधल्या सुटीत ते कोण उचलतो, याकडे लक्ष असू द्यावे. ज्या मुलाने उचलले, त्याला त्या दिवशी ते घरी नेऊ द्यावे व आठ दिवसांनी त्यानेच ते वर्गाला सांगावे. मुलाने मुलाला केलेली शिफारस शिक्षकाच्या शिफारशीहून लवकर पोहोचते. पुढील मोजणीच्या वेळी काही प्रतींचे कोपरे झिजलेले व शिवण सैल झालेली आढळेल. त्या प्रती बाजूस काढताना त्या किती मुलांच्या हातांतून गेल्या, हे देवघेवीच्या वहीत पाहावे आणि नव्या प्रतींची मागणी करताना तोच आकडा लिहावा.