कार्बन-तंतूंचे बॉनेट : पारख व निवड

वेगासाठी बांधलेल्या मोटारींच्या पुढील अंगावर काळेभोर, चकचकीत आणि विणलेल्या वस्त्रासारखे दिसणारे बॉनेट हल्ली पुष्कळदा दृष्टीस पडते. हे बॉनेट, म्हणजे एंजिनावरील झाकण, कार्बनच्या तंतूंपासून बनविलेले असते. मूळचे पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे बॉनेट काढून त्याच्या जागी हे बसविले, की मोटार हलकी होते आणि तिला शर्यतीच्या मोटारीचे रूप येते, अशी घेणाऱ्याची समजूत असते. रूपाविषयी वाद नाही. परंतु हलकेपणा व बळकटी यांविषयीची समजूत कितपत खरी आहे, आणि ती खरी ठरावी म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार केवळ पैशाचा नव्हे. बॉनेट हे चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर असलेले झाकण आहे. मोटार वेगात असताना ते कडीतून सुटले, तर वारा त्याला उचलून पुढच्या काचेवर आदळतो आणि क्षणार्धात रस्ता दिसेनासा होतो. म्हणून बॉनेटची पारख ही पोषाखी वस्तूची पारख नसून यंत्राच्या एका अवयवाची पारख होय.

तंतू आणि राळ

कार्बनचा तंतू ही वस्तू सर्वस्वी नवी नाही. एडिसनने १८७९ साली विजेच्या दिव्यासाठी कापसाच्या दोऱ्याचा कोळसा करून जी बारीक तार बनविली, ती कार्बनचीच होती. मात्र ती फार ठिसूळ होती. बळकट तंतूची कथा १९५८ पासून सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेतील ओहायो राज्यात, युनियन कार्बाइड कंपनीच्या प्रयोगशाळेत, रॉजर बेकन यांना ग्राफाइटचे अत्यंत बळकट असे सूक्ष्म तंतू मिळाले. त्यानंतर लवकरच जपानमध्ये ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधनसंस्थेत अकिओ शिंदो यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम पदार्थाच्या धाग्यापासून कार्बनचे तंतू तयार केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधनसंस्थेने ही रीत सुधारून अधिक ताठर व बळकट तंतू मिळविले.

स्वेटर विणण्याचा अ‍ॅक्रिलिक धागा याच कुळातील होय. असा धागा ताणून धरून प्रथम २०० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णतेत हवेमध्ये भाजतात. नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत तो १,००० अंशांहून अधिक तापवितात. इतर मूलद्रव्ये वायुरूपाने निघून जातात व बहुतांशी कार्बन तेवढा उरतो. त्याचे अणू धाग्याच्या लांबीच्या दिशेने ओळीने बसलेले असतात. तंतूच्या बळकटीचे मर्म या रचनेत आहे. एका तंतूची जाडी मिलिमीटरच्या सुमारे ७ सहस्रांश, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या दशांशाच्या आसपास असते. असे हजारो तंतू एकत्र करून त्यांचा पेड होतो आणि पेडांचे ताणे-बाणे घालून कापड विणले जाते.

परंतु नुसते कापड म्हणजे बॉनेट नव्हे. दोरी ओढ सोसते, पण रेटा सोसत नाही. तद्वत तंतूंना आपापल्या जागी घट्ट धरून ठेवणारा पदार्थ लागतो. हे काम राळ करते. कुडाच्या भिंतीत कामट्या आणि माती यांचे जे नाते, तेच येथे तंतू आणि राळ यांचे. कामट्यांनी भार घ्यावयाचा आणि मातीने त्यांना हलू द्यावयाचे नाही. माती जास्त व कामट्या कमी झाल्या, तर भिंत जड होते आणि तरीही लवकर तडकते. बॉनेटच्या बाबतीतही हेच घडते.

दुसरी गोष्ट अशी, की तंतूची बळकटी त्याच्या लांबीच्याच दिशेने असते, आडव्या दिशेने ती फार कमी असते. म्हणून कापडाचे थर निरनिराळ्या कोनांत एकमेकांवर द्यावे लागतात. कोणत्या दिशेला किती थर द्यावे, हे ठरविणे हीच या कामातील खरी कारागिरी होय, आणि नेमकी तीच वरून दिसत नाही.

हलकेपणाचे गणित

कार्बन-तंतू पोलादाहून कित्येक पटींनी बळकट असल्याचे वारंवार सांगण्यात येते. सुट्या तंतूविषयी आणि समान वजनाच्या हिशेबाने हे खरे आहे. पण बॉनेट सुट्या तंतूंचे नसते. राळ मिसळली आणि थर निरनिराळ्या दिशांना दिले, की तयार पत्र्याची ताठरता पोलादाच्या सुमारे चतुर्थांशच उरते. मग लाभ कोठून होतो? तो होतो जाडीपासून. पत्रा वाकविण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर विरोध आठपट होतो. पदार्थ हलका असला, तर वजन न वाढविता जाडी वाढविता येते आणि ताठरतेतील उणीव सहज भरून निघते.

एक उदाहरण घेऊ. पोलादी बॉनेटच्या वरच्या पत्र्याची जाडी ०.७ मिलिमीटर धरली, तर त्याच्या एक चौरस मीटर तुकड्याचे वजन सुमारे ५.५ किलोग्रॅम होते. तितकाच विरोध देणारा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा १ मिलिमीटर जाडीचा लागेल व त्याचे वजन २.७ किलोग्रॅम होईल. कार्बन-तंतूंचा पत्रा सुमारे १.१ मिलिमीटर जाडीचा लागेल आणि त्याचे वजन १.७ किलोग्रॅम भरेल. या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पोलादाच्या जागी कार्बन आला, तर बचत मोठी आहे. मूळचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर मात्र बचत फारच थोडी आहे.

आपल्या मोटारीचे मूळ बॉनेट कशाचे आहे, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी विचारावयास हवा. लोहचुंबक लावून पाहिल्यास उत्तर तत्काळ मिळते. वेगवान मोटारींचे पुष्कळसे कारखाने स्वतःच अ‍ॅल्युमिनियम वापरतात. १९८९ साली निघालेल्या मझदा कंपनीच्या एमएक्स-५ या लहान मोटारीचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचेच होते. निस्सान कंपनीच्या स्कायलाइन जीटी-आर या मोटारीचेही तसेच होते; तिच्या २००० सालच्या ‘व्ही-स्पेक दोन’ या आवृत्तीत मात्र कारखान्यानेच कार्बन-तंतूंचे बॉनेट दिले.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट मोटारीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. तिचे नेहमीचे बॉनेट काचतंतू व राळ यांचे असे. २००४ साली झी-०६ या प्रकाराच्या एका विशेष आवृत्तीला कार्बन-तंतूंचे बॉनेट देण्यात आले. त्याचे वजन सुमारे ९.३ किलोग्रॅम होते. नेहमीच्या बॉनेटपेक्षा ते सुमारे ४.८ किलोग्रॅमने हलके होते. सुमारे १,४०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीत ही बचत शेकडा अर्ध्याहूनही कमी, म्हणजे टाकीतील साडेसहा लिटर पेट्रोलाइतकी होय. ही बचत मोटारीच्या पुढच्या भागात व उंचावर होत असल्यामुळे वळणावर तिचा थोडा अधिक उपयोग होतो. परंतु केवळ तेवढ्याने मोटार वेगवान होते असे कोणी मानू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते बॉनेट इतर भागांप्रमाणेच रंगविलेले होते. ज्यांनी ते वजनासाठी केले, त्यांना वीण दाखविण्याची गरज वाटली नाही.

घडविण्याच्या रीती

एकाच आकाराची दोन बॉनेटे किमतीत कित्येक पटींनी भिन्न का असतात, याचे उत्तर ती घडविण्याच्या रीतीत सापडते.

पहिली रीत हाताने राळ लावण्याची. साच्यात कापड पसरून त्यावर ब्रशाने राळ चोपडतात व ती सुकू देतात. ही रीत स्वस्त आहे. परंतु राळ अधिक राहते, मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि सर्वत्र सारखी जाडी येत नाही. अशा कित्येक बॉनेटांत कार्बनचा फक्त वरचा एकच थर असून खालचे सर्व थर काचतंतूंचे असतात. काचतंतू हा वाईट पदार्थ नव्हे; मात्र तो जड असतो आणि कार्बनइतका ताठर नसतो. अशा बॉनेटचे वजन कधी कधी मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉनेटपेक्षाही अधिक भरते.

दुसऱ्या रीतीत कोरडे कापड साच्यात घालून त्यावर हवाबंद आवरण बसवितात आणि आतील हवा काढून घेऊन राळ आत ओढून घेतात. यात राळ बेताची राहते व बुडबुडे कमी होतात.

तिसऱ्या रीतीत मोजून राळ मुरविलेले कापड वापरतात. हे कापड शीतगृहात साठवावे लागते. त्याचे थर साच्यात लावून मोठ्या दाबभट्टीत, वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली व १२० ते १८० अंश उष्णतेत ते पक्के करतात. विमानांचे भाग असेच होतात. अशा पदार्थात तंतूंचे प्रमाण आकारमानाने शेकडा ६० च्या आसपास असते. बाजारात यालाच ‘ड्राय कार्बन’ आणि पहिल्या प्रकाराला ‘वेट कार्बन’ म्हणतात.

या पदार्थाला जो लौकिक लाभला, तो नीट आखलेल्या रचनेमुळे. १९८१ साली मॅक्लारेन संघाने फॉर्म्युला वन शर्यतींसाठी कार्बन-तंतूंच्या सांगाड्याची मोटार आणली. त्याच वर्षी इटलीतील मोन्झा येथे तिला भीषण अपघात झाला, तरी चालक जॉन वॉटसन त्यातून सुखरूप बाहेर आला. त्या सांगाड्यात कार्बनच्या दोन पातळ थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी होती. तो लौकिक त्या रचनेचा आहे. केवळ त्याच रंगाची वीण वर दिसते म्हणून तो एखाद्या बॉनेटला देता येत नाही.

पारख कशी करावी

दिसते तसे नसते, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. प्रथम बॉनेट तराजूवर घालून मूळच्या बॉनेटशी वजन ताडून पाहावे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. नंतर ते उलटे करून पाहावे. खालच्या बाजूस आधाराचा सांगाडा असतो. तो सर्व कडांना अखंड चिकटलेला आहे किंवा नाही, हे तपासावे. नाण्याने हलके ठोकीत गेल्यास चांगल्या जागी स्पष्ट, टणक आवाज येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द येतो. दोन कोपरे धरून हलकेच पिळून पाहावे. जे हातानेच पिळवटते, ते वाऱ्याने फडफडणारच.

बिजागऱ्या आणि कडी जेथे बसतात, त्या जागा सर्वांत महत्त्वाच्या. तेथे धातूची पट्टी थरांच्या आत पक्की बसविलेली असावी. नुसत्या राळेत रोवलेला स्क्रू कालांतराने सैल होतो. तसेच कार्बन हा विद्युद्वाहक आहे. ओलाव्यात तो अ‍ॅल्युमिनियमला थेट भिडला, तर विजेचा घट तयार होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. यासाठी दोहोंच्या मध्ये काचतंतूंचा किंवा तत्सम पदार्थाचा थर असावा.

ऊन हा या बॉनेटचा मोठा शत्रू. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे राळ पिवळी पडते व पुढे तिचा भुगा होऊ लागतो. म्हणून वरचा पारदर्शक लेप अशा किरणांना अडविणारा असावा. आपल्याकडील उन्हात काळा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत सहज तापतो, आणि खालून एंजिनाची उष्णता असतेच. साध्या हवेत सुकविलेली राळ इतक्या उष्णतेत मऊ पडून बॉनेटचा आकार बिघडू शकतो. राळ किती अंशांपर्यंत टिकते, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.

बॉनेटवर हवेची छिद्रे असतील, तर त्यांची जागा पाहावी. मोटार धावताना बॉनेटच्या पुढच्या भागावर हवेचा दाब कमी व काचेच्या पायथ्याशी अधिक असतो. एंजिनाकडील उष्ण हवा बाहेर जाण्यासाठी छिद्रे पुढच्या भागात हवीत. काचेजवळ ठेवल्यास हवा बाहेर जाण्याऐवजी आत शिरते.

बसवणी आणि सुरक्षितता

बॉनेट उत्तम असूनही ते निष्काळजीपणे बसविले, तर धोका टळत नाही. चारी बाजूंच्या फटी सारख्या याव्यात आणि दाब न देता कडी पूर्ण लागावी. कडी ओढून लावावी लागत असेल, तर तिच्यावर सतत ताण राहतो. कडीच्या जोडीला दोन्ही कोपऱ्यांवर खिट्ट्या लावण्याची शर्यतींतील प्रथा अनुकरणीय आहे. मात्र त्या लावल्या म्हणून मूळची दुहेरी कडी काढून टाकू नये.

अपघातात पोलादी बॉनेट ठरावीक रेषांवर दुमडते. कारखान्याने ते तसेच आखलेले असते. त्यामुळे त्याची मागची कड काचेत घुसत नाही आणि पादचाऱ्याचे डोके आदळल्यास आघात काहीसा सौम्य होतो. कार्बन-तंतूंचा पत्रा दुमडत नाही, तो तुटतो व त्याच्या कडा धारदार होतात. कारखान्याने स्वतः दिलेल्या बॉनेटमध्ये याचा विचार मुळातच झालेला असतो. इतरत्र घेतलेल्या बॉनेटविषयी हा प्रश्न खरेदीदारालाच विचारावा लागतो. उत्तर मिळत नसेल, तर ते बॉनेट शर्यतीच्या मैदानापुरते ठेवावे, वर्दळीच्या रस्त्यावर आणू नये.

भारतात आणखी एक बंधन आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असे फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे आधी विचारणा करणे श्रेयस्कर.

सारांश, मूळचे बॉनेट पोलादी असेल, नवे बॉनेट तराजूवर खरोखर हलके ठरत असेल, त्याचा सांगाडा व कडीची जागा विश्वासार्ह असेल, आणि अपघातात त्याचे काय होते याचे उत्तर मिळत असेल, तरच बदल सार्थ होय. मूळचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर तेच राहू द्यावे आणि तो पैसा उत्तम टायर व ब्रेक यांवर खर्च करावा. विणीची शोभा काही दिवसांत सवयीची होते. कडीवर विसंबून मात्र प्रत्येक प्रवासाला निघावयाचे असते.