लोणारचं गुलाबी पाणी मला का दिसलं नाही?

जून २०२० आठवतोय? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं. घरात सगळे मोबाइलवर फोटो बघत होते, आणि मी विचारलं, "यात नवीन काय आहे?" मला पाणी नेहमीसारखं मळकट राखाडीच दिसत होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पुढे सांगितलं, की खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला. माझ्या डोळ्यांचं कारण मात्र एक्स गुणसूत्रात निघालं.

लाल आणि हिरव्या रंगासाठी लागणारी जनुकं एक्सवर एकाच रांगेत असतात, आधी लाल, मग हिरवं. दोघांचा मजकूर जवळजवळ सारखा. बाईच्या शरीरात बीजांड तयार होताना तिची दोन एक्स गुणसूत्रं जवळ येतात आणि तुकडे अदलाबदल करतात. याला रिकॉम्बिनेशन म्हणतात.

आता आमच्या धंद्यातलं उदाहरण घ्या. फाइलमध्ये दोन फंक्शन सारखीच दिसत असली, की मर्ज करताना भलत्याच ओळी जुळतात. इथंही तसंच होतं. एका एक्सचं हिरवं जनुक दुसऱ्याच्या लाल जनुकासमोर येतं. त्यांच्या मधोमध अदलाबदल झाली, तर एका एक्सवर हिरवं जनुक जादा होतं आणि दुसऱ्यावरून गायब. जनुकाच्या आतच झाली, तर अर्धं लाल, अर्धं हिरवं असं जनुक तयार होतं. जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी हे १९८६ मध्ये दाखवलं. जादा प्रतीनं सहसा काही बिघडत नाही. नीट रंग दिसणाऱ्या कित्येकांकडे दोन-तीन हिरवी जनुकं असतात.

हे ऐकून आई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच झालं का रे?"

नाही ना! तिच्याकडे दुसरं चांगलं एक्स आहे, म्हणून तिला रंग दिसतात. मला एकच मिळालं. मामाही टमाटे चाचपूनच घेतो. म्हणजे ही अदलाबदल आजीच्याही आधीच्या पिढीत कधीतरी झाली. आणि गंमत बघा, काही कोटी वर्षांपूर्वी माकडांच्या पूर्वजांमध्ये एका जनुकाची दोन झाली, म्हणूनच माणसाला लाल-हिरवा फरक कळतो.

तर पोरानं झाडाची पानं तपकिरी रंगवली, तर रागावू नका. आधी डोळे तपासा. भेटू पुढच्या भागात!