माजी सैनिकांच्या उपचाराचा पैसा : हिशेब आपणही विचारूया

धरमतर खाडीकाठी, पेण-रोह्यात आपल्या ज्यांच्या घरी निवृत्त सैनिक आहेत, त्यांना ईसीएचएस कार्ड ठाऊक असेल. 1 एप्रिल 2003 पासूनच्या या आरोग्य योजनेचा पैसा संरक्षण मंत्रालयाच्या अंदाजपत्रकातून येतो. पॉलिक्लिनिक रुग्णाला मान्यताप्राप्त रुग्णालयात पाठवते. रुग्णालयाचे बिल ऑनलाइन तपासून मंजूर होते. तरतूद अपुरी पडली की बिले थकतात, मग कॅशलेस उपचार अडतात. फटका म्हाताऱ्या जवानाला बसतो.

या खर्चाचे लेखापरीक्षण कॅग करते. 1949 साली संविधान सभेत बाबासाहेबांनी कॅगचे पद संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद म्हटले होते. हिशेब तपासणे हा आपलाच वारसा आहे. म्हणून तरुणांनो, आपण घरच्यांच्या बिलांच्या प्रती जपूया, थकबाकी किती हे माहिती अधिकारात विचारूया. उपचार हा उपकार नव्हे, हक्क आहे.

जय भीम!