कर्करोग आणि रात्रीची झोप

घरात कोणाला कर्करोग झाला म्हणजे सारे घर पथ्यपाण्याच्या मागे लागते. झोपेची विचारपूस मात्र सहसा होत नाही. ‘एवढ्या मोठ्या दुखण्यात झोप कुठून लागणार!’ असे रोगी स्वतःच म्हणतो आणि डॉक्टरांपाशी तो विषय काढीत नाही. हे मौन आपण प्रथम मोडले पाहिजे.

झोपेने गाठ विरघळत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांची जागा झोप घेऊ शकत नाही. परंतु हे उपचार ज्याला सोसावयाचे असतात, त्या माणसाचे बळ ती राखते. रात्र जाग्रणात गेली की दुसऱ्या दिवशी तीच वेदना अधिक बोचते, थकवा वाढतो, मन खचते आणि डॉक्टरांचे सांगणे नीट ध्यानात राहत नाही.

झोप जाण्याची कारणे अनेक असतात. वेदना व चिंता ही तर उघडच आहेत. पण कित्येकदा औषध हेच कारण असते. केमोथेरपीत उलट्या थांबविण्यासाठी डेक्सामेथॅसोन देतात. ते सायंकाळी घेतले तर झोप उडू शकते. डॉक्टरांना सांगितले तर ते वेळ बदलून देऊ शकतील; आपल्या मनाने मात्र औषध मागेपुढे करू नये किंवा झोपेची गोळी आणू नये.

आता एका भाबड्या समजुतीकडे वळू. ‘तुम्ही नुसते पडून राहा,’ असे आपण मायेने म्हणतो. पण पडून राहणे म्हणजे झोप नव्हे. जेवणाआधी फराळ झाला तर भूक मरते, तसेच दिवसभराच्या डुलक्यांनी रात्रीची झोप मरते. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत असावी. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि झेपेल तसे, डॉक्टरांना विचारून, सकाळच्या उजेडात चार पावले चालावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली एक साधा नियम मांडला: अंथरूण झोपेसाठीच वापरावे, आणि झोप येत नसेल तर तळमळत न राहता उठून बसावे. जुनाट निद्रानाशावर आज गोळ्यांच्या आधी जी वर्तनोपचाराची पद्धत सुचवितात, तिचा हा एक आधार आहे. अशक्त रोग्याने मात्र रात्री एकट्याने उठू नये. पडण्याचे भय असते.

परंतु हे सारे घर असलेल्यांसाठी झाले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे दूरदूरहून येणाऱ्या कित्येकांना उपचाराच्या काळात पदपथावर रात्र काढावी लागते. त्यांना निद्रेचे नियम सांगणे ही थट्टाच ठरेल! दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रोग्यांना आसरा देते, तेव्हा ती केवळ छप्पर देत नाही. उपचार सोसण्याचे बळही देते. कर्करोग्यासाठी दान देताना आपण औषधांचा विचार करतो. एका स्वस्थ रात्रीचाही करावा.

आणि ज्यांच्या घरी असा रोगी आहे, त्यांनी रोज सकाळी ‘रात्र कशी गेली?’ एवढे विचारावे, उत्तर वहीत टिपावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. त्याला खर्च काहीच नाही.