जर्मनच्या पत्र्याची होडी

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या राज्यांत खेड्यापाड्यांतून गाडी हाकली, की एखाद्या गोठ्यामागे किंवा गॅरेजच्या भिंतीला टेकून एक होडी पालथी पडलेली हमखास दिसते. चौदा फुटांच्या आसपास लांबी, हिरवा नाहीतर लाल रंग पापुद्र्यांनी सुटलेला, आत पानांचा कुजलेला थर आणि बाकाखाली उंदराचं घरटं. मालकाला विचारलं, तर तो शे-दोनशे डॉलर सांगतो. जागा अडते म्हणून वैतागलेला असेल तर नुसतंच 'घेऊन जा' म्हणतो. अशी होडी घरी आणून, हिवाळाभर गॅरेजमध्ये तिच्यावर खपून, मे महिन्यात तळ्यात उतरवणं हा तिथल्या असंख्य माणसांचा उद्योग आहे. मिनेसोटाला दहा हजार तळ्यांची भूमी म्हणतात. मोजणीत ती 11,842 भरतात. मासेमारीचा हंगाम मे महिन्याच्या मध्यावर, शनिवारी उघडतो आणि त्या शनिवारच्या भीतीने कित्येक होड्या वेळेवर पुऱ्या होतात.

होडी ॲल्युमिनियमची. म्हणजे आपल्या आज्या ज्याला 'जर्मन' म्हणत त्या धातूची. हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावातली मिरो ही कंपनी घरोघरच्या स्वयंपाकाची ॲल्युमिनियमची भांडी बनवायची आणि 1950च्या दशकात तिने त्याच धातूच्या होड्याही बाजारात आणल्या. पातेलं आणि होडी एका घराण्यातली. आमसुलाचं सार जर्मनच्या भांड्यात ठेवायचं नाही, सोड्याने ते घासायचं नाही, हे ज्या घरात ठाऊक आहे त्या घराला या होडीचं निम्मं दुखणं आधीच कळलेलं असतं. हवेचा स्पर्श होताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो आणि तोच त्याचं चिलखत असतो. आम्ल किंवा क्षार फार झाले की चिलखत विरघळतं. एरवी गोड्या पाण्यात हा धातू पन्नास-साठ वर्षं कुरकुर न करता राहतो.

होडीचा जन्म मात्र स्वयंपाकघरातला नाही, विमानाच्या कारखान्यातला आहे. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजला ग्रुमन कंपनी नौदलासाठी लढाऊ विमानं बांधत होती. तिच्या 'हेलकॅट' या एकाच विमानाचे बारा हजारांवर नग निघाले. 1944 साली कंपनीचा उपाध्यक्ष विल्यम हॉफमन ॲडिरोन्डॅक डोंगरांत सुट्टीवर गेला आणि लाकूड-कॅनव्हासची जड कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, खांद्यावर घेऊन एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर चालताना घामाघूम झाला. विमानाच्या पत्र्याची कनू का नको, असं त्याच्या डोक्यात आलं. पुढच्याच वर्षी ती बनूही लागली. युद्ध संपल्यावर कारखान्यांकडे पत्रा होता, साचे होते, पत्रा ताणून वळवायची हातोटी होती आणि विमानांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. युद्धकाळात रिव्हेट ठोकायला लाखो बायका कारखान्यांत उतरल्या होत्या. 'रोझी द रिव्हेटर' हे त्यांचंच चित्र. होडीच्या कडेला एका रेषेत ओळीने बसवलेले रिव्हेट पाहिले, की ती विमानाची शिवण आहे हे लगेच ओळखू येतं.

सगळ्याच होड्या अशा मोठ्या घराण्यातून आल्या नाहीत. मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स नावाच्या चिमुकल्या गावात हॉवर्ड लुंड याने 1948 साली आपल्या गॅरेजमध्येच ॲल्युमिनियमची होडी बांधली आणि त्यातून लुंड हे आज मासेमाऱ्यांच्या तोंडी असलेलं नाव उभं राहिलं. त्यामुळे एखादी जुनी लुंड दुरुस्तीला गॅरेजमध्ये येते, तेव्हा ती एका अर्थी माहेरीच आलेली असते.

कामाची सुरुवात हत्यारांनी करू नये, कागदांनी करावी. अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1972 नंतर बांधलेल्या प्रत्येक होडीवर बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो, मागच्या अंगाला उजवीकडे कोरलेला. त्याआधीच्या होड्यांना असा क्रमांक असेलच असं नाही आणि मूळ मालकाची कागदपत्रं हरवलेली असली तर दोन महिने खपून चकचकीत केलेली होडी पाण्यात न्यायची सोय राहत नाही. हौशी माणसाला हे सांगून पटत नाही. तो आधी रंगाचा डबा आणतो.

पुढची परीक्षा उलटी. होडी पाण्यात घालायची नाही, पाणी होडीत घालायचं. ट्रेलरवर ठेवलेल्या होडीत बागेचा पाइप सोडतात आणि खाली आडवं पडून, हातात खडू घेऊन, थेंब कुठून येतो ते पाहतात. जिथे टिपूस दिसेल तिथे खूण. इथे हात आवरावा लागतो. चौदा फुटी होडीच्या तळावर चार बोटं पाणी म्हटलं तरी तीनशेक लिटर होतं, म्हणजे तीनशे किलो. तळ्यात होडीला खालून सगळीकडे पाण्याचा आधार असतो. ट्रेलरवर तो दोनच फळ्यांचा असतो. काठोकाठ भरली तर पत्रा वाकतो आणि नसलेली गळती तयार होते.

बहुतेक थेंब रिव्हेटांपाशी सापडतात. वर्षानुवर्षं लाटांचे आपटे आणि इंजिनाची थरथर सोसून रिव्हेट सैलावतो. तो मेलेला नसतो. त्याला पुन्हा घट्ट करता येतं आणि या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत देखणं काम हेच. त्याला दोन माणसं लागतात. एक बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हवेची हातोडी लावतो, दुसरा आत बसून त्याच्या शेपटीवर पोलादाचा जड ठोकळा दाबून धरतो. हातात धरलेली ऐरणच ती. बाहेरून ठोका पडतो, आतली शेपटी ऐरणीवर चेपत जाते. नवा रिव्हेट घालायचा तर विमानवाल्यांचं माप चालतं: रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट शेपटी बाहेर ठेवायची आणि ठोकून झाल्यावर ती जाडीच्या दीडपट रुंद, निम्मी उंच व्हायला हवी. कमी ठोकलं तर गळतं, जास्त ठोकलं तर पत्रा ताणला जातो. मध्ये पत्र्याची भिंत असल्याने दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही. सगळा संवाद पत्र्यावरच्या टकटकीतून. ऐरण सरकली आणि ठोका पडला, की पत्र्यावर चंद्रकोर उमटते आणि ती कायमची राहते. नवरा-बायको, बाप-लेक, शेजारी-शेजारी अशा जोड्या यात मुरतात किंवा चार दिवस अबोला धरतात.

एकट्याने काम उरकायचं म्हणून कित्येक जण पॉप रिव्हेट मारून मोकळे होतात. साध्या पॉप रिव्हेटच्या मधोमध भोक असतं. पाण्याखाली त्याचा उपयोग चाळणीसारखा होतो. एका बाजूने बंद असलेले मिळतात, ते डिंकासारख्या सीलंटमध्ये बुडवून बसवले तर अडचणीच्या जागी चालतात. तरी सबंध तळ त्यांनी शिवणं म्हणजे पैठणीला सेफ्टीपिना लावणं. ठोकून घट्ट केल्यावर सांध्यांवर आतून ग्लुव्हिटसारखं लवचिक इपॉक्सी ओततात. आधी ठोकायचं, मग ओतायचं. नुसतं ओतून गळती थांबवली तर ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच थांबते.

वेल्डिंगचा मोह सगळ्यांना होतो. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचं ऑक्साइड वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. वर साय घट्ट आणि खाली दूध उतू गेलेलं, अशी ती अवस्था. शिवाय लोखंडासारखं ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही. रंग न बदलता एका क्षणी खाली कोसळतं आणि नाण्याएवढ्या भोकाच्या जागी बशीएवढं भोक पडतं. जुन्या होडीचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. ज्याचा हात बसलेला नाही, त्याने तिथे आतून-बाहेरून ठिगळ रिव्हेटने जोडावं, हेच शहाणपणाचं.

आता खरं दुखणं. या होड्या ॲल्युमिनियममुळे मरत नाहीत, ॲल्युमिनियमला चिकटवलेल्या बाकीच्या गोष्टींमुळे मरतात. होडीच्या पिछाडीला, जिथे इंजिन अडकवतात, तिथे पत्र्याच्या आत प्लायवुडची जाड फळी असते. त्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि फळी आतल्या आत कुजते. वरून पत्रा ठणठणीत दिसत असतो. जाणता गिऱ्हाईक होडीची नाळ पाहतच नाही, सरळ मागे जातो, इंजिनाची जागा धरून हलवतो आणि फळीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसतो. लोण्यात गेल्यासारखा आत गेला, की भाव पडतो.

जुनी फळी तुकड्यातुकड्यांत निघाली तरी फेकायची नसते, तिच्यावरूनच नवीचा आकार काढायचा असतो. पाऊण इंचाचे मरीन प्लायवुडचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून दीड इंचाची फळी होते. तिच्या कडांना इपॉक्सी पाजतात. बोल्टाची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरतात आणि मग त्यातून नेमकं भोक पाडतात, म्हणजे पाणी शिरलंच तरी लाकडाला लागत नाही. यात एक चूक भलेभले करतात. घराच्या ओट्यासाठी मिळणारं, वाळवी-बुरशी न लागणारं प्रक्रिया केलेलं लाकूड हाताशी असतं. टिकाऊ म्हणून तेच वापरतात. अशा लाकडात बहुधा तांब्याचे क्षार असतात. ओल आली, की तांबं ॲल्युमिनियमला खायला लागतं. ट्रेलरच्या फळ्या त्याच लाकडाच्या आणि वर गालिचा, की होडीच्या पोटावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

तांब्याचं हे वैर जुनं आहे. 1895 साली अमेरिकाज कप जिंकणारी 'डिफेन्डर' ही शर्यतीची नौका वजन वाचवावं म्हणून पाण्याखाली ब्राँझ, वर ॲल्युमिनियम आणि आत पोलादाच्या फासळ्या अशी बांधली होती. खारं पाणी लागताच ती एक मोठी बॅटरीच झाली. शर्यत जिंकली, पण 1901 साली तिला मोडीत काढावं लागलं. तळ्यातल्या होडीत हेच नाटक लहान प्रमाणात चालतं. खिशातून पडलेलं तांब्याचं एक सेंटचं नाणं ओल्या तळात रुतून बसलं, की कालांतराने त्याच्या आकाराचं भोक पाडतं, असं जुने मासेमारे बजावतात. 1982 पासून ते नाणं आतून जस्ताचं आणि वरून नावापुरतं तांब्याचं झालं, तरी बजावणी थांबलेली नाही. थांबू नयेच. स्टेनलेसचे स्क्रूही ॲल्युमिनियमचे पूर्ण मित्र नव्हेत. मध्ये सीलंटचा लेप किंवा नायलॉनची चकती घालून त्यांना सोवळ्यात ठेवावं लागतं.

बाकांखाली आणि फरशीखाली फोम भरलेला असतो. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये, यासाठी. तीस-चाळीस वर्षांत तो पाणी पितो आणि होडी निष्कारण जड होते. शिवाय ओला फोम पत्र्याला चिकटून राहिला, की तिथे हवा पोचत नाही, ऑक्साइडचं चिलखत पुन्हा धरत नाही आणि पत्रा गुपचूप खाल्ला जातो. म्हणून फोम उपसून काढावाच लागतो. पण कंटाळून तो परत न भरणारे लोक असतात, त्यांना मात्र माफी नाही. दिसायला बाकाखाली सामान ठेवायची छान जागा होते. होडी उलटली त्या दिवशी फोमचं मोल कळतं. बांधकामाचा पांढरा थर्मोकोल भरणाऱ्यांनीही जपावं: पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

रंगाचं काम फोटोत सर्वांत जास्त दिसतं आणि त्यात सांगण्यासारखं सर्वांत कमी आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही. लोखंडी तारेचा ब्रश किंवा काथ्या वापरायचा नाही, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि गंजतात. उघड्या पत्र्यावर साधा रंग धरत नाही, पत्र्याला चावणारा एच-प्रायमर आधी लागतो. समुद्री जहाजांच्या तळाला लावतात तो तांबेयुक्त रंग चुकूनही नको. का, ते वर आलंच. आतून रंग न देता पत्रा उघडा ठेवला तरी काही बिघडत नाही. कोकणातल्या लाकडी होडीला दर वर्षी ओढून वर घ्यावं लागतं, फटींत कापूस-राळ भरावी लागते. ही तेवढे लाड मागत नाही.

अलीकडे साध्या होडीवर लाकडी डेक, गालिचा, उंच खुर्च्या, दिवे, दोन बॅटऱ्या चढवायची टूम निघाली आहे. फोटोत ऐट दिसते. पण चौदा फुटांची ही होडी रिकामी असताना शंभरेक किलोंची असते. तिच्यावर दीड फूट उंचीवर डेक घालून दोन माणसं उभी केली, की वजन वर जातं आणि साध्या लाटेलाही ती डुलायला लागते. 1972 नंतरच्या होडीवर माणसं किती, वजन किती, इंजिन किती अश्वशक्तीचं, हे सांगणारी पाटी असते. ती पाटी रंगवून टाकणाऱ्याने मुळात होडी घेऊच नये. नव्या होडीला इंजिन-ट्रेलरसकट दहा-पंधरा हजार डॉलर सहज जातात, तेव्हा जुनीतच नवीची हौस भागवावी असं वाटणं समजू शकतं. तरी चौदा फुटांत जे बसतं ते एवढंच: तीन बाक, दोन वल्ही, मागे छोटं इंजिन आणि माशांची बादली.

एवढं सगळं झाल्यावर मे महिन्यातला तो शनिवार येतो. पहाटे धक्क्यावर ट्रेलरची रांग लागलेली असते, मागचे लोक घाई करत असतात, नव्या रंगाचं कौतुक होत असतं. होडीच्या पिछाडीला, अगदी तळाशी, आतलं पाणी वाहून जावं म्हणून अंगठ्याएवढं एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ट्रेलर पाण्यात रिव्हर्स घेण्याआधी त्यात बूच लावलंय ना, ते वाकून बघा.