मोटारीचे इंजिन, विमानाचा पंखा आणि मधला शाफ्ट : काही गैरसमज

मिनेसोटातील बर्नार्ड पीटेनपोल यांनी १९२९ साली फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन आपल्या ‘एअर कँपर’ विमानास जोडले, तेव्हा पंखा थेट क्रँकशाफ्टवरच बसविलेला असल्यामुळे मधल्या शाफ्टचा प्रश्नच उद्भवला नाही. परंतु जेथे इंजिन वैमानिकाच्या पाठीशी आणि पंखा शेपटीच्या टोकाशी असतो, तेथे हौशी विमानकाराची खरी कसोटी या शाफ्टवरच लागते. आणि नेमके त्याच्याविषयीच अनेक गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : मोटारीत लाखभर किलोमीटर बिनतक्रार चाललेली यंत्रणा विमानातही तशीच चालेल.
वस्तुस्थिती : मोटारीत क्लचच्या स्प्रिंगा आणि टायर इंजिनाचे हिसके पचवितात, शिवाय सपाट रस्त्यावर इंजिनाकडे त्याच्या शक्तीचा अल्पांशच मागितला जातो. विमानात मात्र एका टोकास इंजिन, दुसऱ्या टोकास मोठ्या जडत्वाचा पंखा आणि त्यांच्यामध्ये पिळला जाणारा शाफ्ट अशी स्थिती असते. चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन दर फेरीस दोन, म्हणजे मिनिटास ३००० फेऱ्यांच्या गतीस सेकंदाला १०० हिसके देते; आणि या साऱ्या जोडणीची पिळाची नैसर्गिक कंपनसंख्या त्या आकड्याशी जुळली, की अनुनादामुळे पीळ सरासरीच्या कित्येक पट वाढतो.

गैरसमज : शाफ्ट जाड केला की चिंता मिटली.
वस्तुस्थिती : पिळास होणारा विरोध व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढतो. व्यास दुप्पट केल्यास ताठपणा सोळापट होतो खरा. पण त्याबरोबर कंपनसंख्याही वर सरकते आणि पूर्वी निष्क्रिय गतीखाली असलेला अनुनाद ऐन उड्डाणाच्या गतीवर येऊन ठाकण्याचा संभव असतो. भरीव दंडाचा आग्रहही अनाठायीच आहे. बाह्य व्यासाच्या निम्मे छिद्र ठेवले, तर वजन चतुर्थांशाने घटते आणि ताठपणा मात्र सोळाव्या हिश्श्यानेच कमी होतो.

गैरसमज : रबरी कपलिंग सर्व कंप गिळून टाकते.
वस्तुस्थिती : रबर मुख्यतः कंपनसंख्या खाली आणते, जी ऊर्जा ते शोषते, तिची उष्णता होते आणि ती बाहेर पडण्याची तजवीज नसेल तर रबरच निकामी होते. याउलट, मोल्टन टेलर यांनी १९४९ साली उडविलेल्या ‘एअरोकार’ या उडत्या मोटारीमध्ये इंजिन आणि शेपटीकडील पंखा यांच्यामधील लांब शाफ्टला पोलादी छऱ्यांचे कपलिंग जोडले होते. केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकले गेलेले छरे एकत्र दाटून फिरण्याची शक्ती पुढे पोहोचवीत आणि हिसका मर्यादेबाहेर गेला की किंचित घसरत.

गैरसमज : जमिनीवर काही तास चालवून पाहिले, म्हणजे परीक्षा झाली.
वस्तुस्थिती : सेकंदास १०० हिसक्यांच्या हिशेबाने एका तासात ३,६०,००० आवर्तने होतात आणि पोलादाच्या थकव्याची परीक्षा ज्या १ कोटी आवर्तनांपर्यंत घेण्याची रीत आहे, ती गाठण्यास सुमारे अठ्ठावीस तास लागतात. त्याआधी शाफ्ट शाबूत दिसला, एवढ्यावरून त्याच्या निर्दोषतेचा दाखला देता येत नाही.

म्हणून हौशी विमानकारांना आग्रहाची विनंती अशी, की इंजिन खरेदी करण्यापूर्वीच इंजिन, कपलिंग, शाफ्ट आणि पंखा यांचा एकत्रित हिशेब मांडावा, जोडणी झाल्यावर शाफ्टवरील पीळ उपकरणाने प्रत्यक्ष मोजावा, आणि ही दोन्ही कामे पुरी झाल्यावाचून विमान धावपट्टीवर नेऊ नये.