खेळते भांडवल आणि वैद्याची रसशाळा
रसशाळेची इमारत, खल्वयंत्रे व भट्टी हे स्थिर भांडवल होय. वनस्पती, तयार औषधे, येणे उधारी व रोकड ही चालू मत्ता; तीतून वर्षाच्या आत फेडावयाची देणी वजा जाता उरते ते खेळते भांडवल. समजा, मत्ता 5 लाख व देणी 3 लाख, तर ते 2 लाख. मात्र त्यात रोकड किती, हे तो आकडा सांगत नाही. आवळा हिवाळ्यातच रोखीने घ्यावा लागतो, अरिष्टाचे संधान महिनाभर चालते आणि विक्रेता पैसे देतो तीन महिन्यांनी! वहीत नफा दिसूनही कामगारांची मजुरी थकते. आम्हांवर ती वेळ आली आहे. तेव्हापासून उधारीची मुदत ठरवूनच आम्ही माल देतो, मग विक्री थोडी घटली तरी चालते.